मालिका संपली, आता चित्रपट हवा का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही धरमपेठेत राहतो. मे महिन्यात नातवंडे सुटीला आली होती. नागपूरच्या उन्हात मुलांना दुपारी बाहेर सोडण्याची सोय नसते, म्हणून मुलाने त्यांना 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लावून दिली. ती संपली तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती, तरी कूलरच्या घरघरीवर टीव्हीचा आवाज वाढवून ती एकामागून एक भाग पाहत बसली आणि शेवटी मलाच विचारू लागली, "आजी, पुढे त्यांचं काय झालं?" तेव्हापासून मला वाटते आहे की टिपरे कुटुंब आज कसे आहे हे दाखवणारा चित्रपट निघायला हवा. आमच्या यजमानांना ते मुळीच पसंत नाही. चांगल्या गोष्टीला पुन्हा हात लावू नये, असे ते म्हणतात. मुलगा म्हणतो की 'मिर्झापूर'चा चित्रपट जाहीर होतो, मग टिपऱ्यांनी काय घोडे मारले आहे? आपले मत कळवावे.
— एक वाचक भगिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, निष्कर्षापुरता मी तुमच्या यजमानांच्या बाजूला आहे, पण त्यांचे कारण मला पटलेले नाही. चांगल्या गोष्टीला हात लावायचाच नाही असे ठरले असते, तर चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातच राहिले असते. मुंबई दूरदर्शनने त्यांना मालिकेत आणले, लोकांनी ती मालिका डोक्यावर घेतली आणि १९७९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे, मालिकेतही आणि चित्रपटातही. पुढे 'अनुदिनी' हे टिपऱ्यांच्या घरातल्या रोजनिशीचे पुस्तक, ज्यावरून ही मालिका निघाली, ते लिहिणारे आणि २००१ मध्ये छोट्या पडद्यावर आबा टिपरे होणारे प्रभावळकर ते हेच. मालिकेवरून चित्रपट काढणे ही आपल्याकडे आजची टूम नव्हे, आणि ते मुळातच वाईट आहे असेही मी म्हणणार नाही.

मी एवढेच पाहतो की मालिकेकडून प्रेक्षकाचे काही येणे बाकी राहिले आहे का, आणि ते फेडायला चित्रपटाचाच आकार लागतो का. 'डेडवुड' या अमेरिकी मालिकेचे उदाहरण मला नेहमी आठवते. सोन्याच्या शोधात वसलेल्या एका गावाची ही कथा २००४ मध्ये सुरू झाली आणि तीन हंगामांनंतर २००६ मध्ये शेवट न होताच थांबली. जी माणसे आपण इतक्या जवळून पाहिली, त्यांना लेखकाने नव्हे, तर वाहिनीच्या हिशेबाने अर्ध्या वाटेवर सोडले होते. तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, बहुतेक तेच नट पुन्हा एकत्र आले आणि चित्रपटाने ती कथा पुरी केली. नटांच्या चेहऱ्यांवर खरोखरीच्या सुरकुत्या आल्या होत्या आणि कथेतही वर्षे उलटलेली होती. कथा दक्षिण डकोटाला राज्याचा दर्जा मिळाला त्या १८८९ सालात घडते. तो चित्रपट हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टिपऱ्यांकडे आपले असे काही येणे आहे का? मला ते दिसत नाही. आबा, शेखर, श्यामल, शलाका आणि शिऱ्या यांच्या घरात कधी जग उलटेपालटे होईल असे काही घडले नाही. जे घडले ते आपल्याही घरात घडत होते, आणि आठवड्यातून एकदा त्या घरात डोकावून आपण आपल्या घरी परत येत होतो. मुलांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच मला वेगळा वाटतो. कथा अपुरी राहिली की माणूस "मग काय झालं?" म्हणून अडून बसतो, तुमच्या नातवंडांनी मात्र, गावाला गेलेल्या शेजाऱ्यांची चौकशी करावी तशा मायेने विचारले आहे. त्या चौकशीचे उत्तर दोन तासांच्या चित्रपटात देता येईल असे मला वाटत नाही, कारण त्या मालिकेचे निम्मे बळ कथेत नव्हते, ते काळात होते. चार वर्षे ती माणसे आपल्याबरोबर वाढली.

आपल्या विदर्भातलाच दाखला देतो. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. माणसे चादरी, घोंगड्या घेऊन, लेकराबाळांसह बसतात, मध्येच कोणी डुलकी घेतो आणि उठून पुन्हा नाटकात शिरतो. तेच नाटक दोन अंकांत आवरून नागपूरच्या वातानुकूलित सभागृहात आणले, तर कथा तीच राहील, संवादही तेच राहतील, पण रात्र राहणार नाही. मालिकेचा चित्रपट करताना नेमके हेच हातचे जाते.

त्या जागी मग दुसरे काही भरावे लागते, आणि पारेख कुटुंबाच्या 'खिचडी' या हिंदी मालिकेच्या चित्रपटांमध्ये काय भरले गेले ते आपण पाहिले आहे. २००२ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेत एका घरातल्या भाबड्या माणसांच्या बोलण्यातूनच सगळी गंमत निघत होती. २०१० च्या पहिल्या चित्रपटाने घरातल्या हिमांशूच्या लग्नाचा घाट घातला. तेवढे घराला पेलण्यासारखे होते. २०२३ च्या दुसऱ्या चित्रपटात मात्र त्याच कुटुंबाला एका काल्पनिक देशाच्या मोहिमेवर जावे लागले. मोठ्या पडद्याला मोठी घटना लागते आणि लहान गोष्टींवर जगणारी माणसे त्या घटनेत हरवतात, म्हणून मला त्यांच्या जुन्या दिवाणखान्याची आठवण येत राहिली. 'ऑफिस ऑफिस'ची गोष्ट याहून बरी होती. मालिकेत दर भागात नवे कार्यालय आणि टेबलामागे तीच माणसे, ही युक्ती होती. २०११ च्या चित्रपटाने त्याऐवजी एकच गाठ घेतली : पेन्शनच्या कागदांवर मृत ठरलेला निवृत्त मास्तर मुसद्दीलाल आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला निघतो. कल्पना अस्सल होती आणि पंकज कपूर यांनी ती जीव ओतून केली. तरीही दर आठवड्याला नव्या खिडकीसमोर उभे राहण्यात जी दमणूक होती, ती एका बैठकीत उतरली नाही.

तुमच्या चिरंजीवांना सांगा की ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिर्झापूर'चा चित्रपट जाहीर झाला तेव्हा त्या मालिकेतली सूडाची कथा चालूच होती, आणि बंदुका मोठ्या पडद्यावर चांगल्या दिसतात. टिपऱ्यांशी त्याची तुलना होत नाही.

माझे मत डळमळीत करणारी एकच गोष्ट आहे, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर साठीच्याही आत होते आणि वय वाढवून आबा झाले होते. आज त्यांनी खरोखरच ऐंशी ओलांडली आहे. शेखर आता निवृत्त झाला असेल, म्हणजे घरातल्या आजोबांची जागा त्याच्याकडे आली असेल. मग रोजनिशी आता कोण लिहिते? हा प्रश्न मनात आला तेव्हा मीही थोडा वेळ स्तब्ध बसलो. पण त्यालाही चित्रपट नको, पाच-सहा भाग हवेत. 'रात्रीस खेळ चाले'च्या लेखकांनी हे ओळखले होते. २०१६ मध्ये ती मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली, आणि हा माणूस जिवंतपणी होता तरी कसा ही उत्सुकता शिल्लक राहिली. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन ती कथा सांगितली. ते येणे खरे होते आणि ते मालिकेनेच, मालिकेच्या चालीने फेडले.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका नुकतीच संपवली. 'एल कॅमिनो' हा पुढचा चित्रपट पाहिल्याशिवाय ती अपुरीच राहते, असे वसतिगृहातले मित्र म्हणतात. ते खरे आहे का?
— एक विद्यार्थी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही. मालिकेचे ६२ भाग २०१३ मध्ये संपले तेव्हा त्यातला जेसी कैदेतून सुटून गाडी भरधाव पळवत होता, रडत होता आणि हसतही होता. पुढे त्याचे काय झाले हे प्रत्येकाने आपापल्या मनात लिहिले होते, आणि तो शेवट मला पुरा वाटतो. २०१९ च्या चित्रपटाने ते पडद्यावर लिहून दाखवले. काम नेटके आहे, जेसी झालेल्या ॲरन पॉल यांचा अभिनय फार सच्चा आहे, अवश्य पाहा. पण दोन-चार महिने जाऊ द्या, म्हणजे तुमच्या मनातला शेवट आधी पक्का होईल. 'फायरफ्लाय' या अमेरिकी मालिकेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. २००२ मध्ये चौदा भाग तयार असताना वाहिनीने अकराच दाखवून ती बंद केली आणि तिचे उत्तर २००५ च्या 'सेरेनिटी' या चित्रपटात आहे, म्हणून ती दोन्ही लागोपाठ पाहावीत. भाग मात्र निर्मात्यांनी ठरवलेल्या क्रमाने लावा. वाहिनीने ते मागेपुढे करून दाखवले होते.