गरीब माणूस श्रीमंतांच्या घरात तोतया बनून शिरतो, असा घरच्यांसोबत बघण्यासारखा विनोदी सिनेमा कोणता?

चार्ली चॅप्लिनचा ‘द काउंट’ (1916) बघाच. एका उमरावाला मेजवानीला जायला जमणार नसतं. तसं कळवणारी त्याची चिठ्ठी शिंप्याच्या हाती लागते आणि तो स्वतःच उमराव बनून निघतो. पण तिथं स्वयंपाकघरात आधीच आलेला चार्ली तो मान पटकावतो, शिंप्याला आपला सेक्रेटरी करून टाकतो!

खरी मजा टरबुजाची. फोडीत तोंड खुपसलं की कान ओले होतात, म्हणून हा डोक्याभोवती रुमाल बांधतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर टरबूज खात आम्ही हे पाहिलं. पोरं लोळली अक्षरशः. मूकपट आहे, त्यामुळे आजीलाही भाषेची अडचण नाही. अर्ध्या तासाच्या आत संपतो.