घरात तोंड बंद होत नाही, शाळेत उघडत नाही

मी समुपदेशक आहे. गणपती झाले की माझ्याकडे एका ठरावीक काळजीचे फोन सुरू होतात. जूनमध्ये मूल वर्गात गप्प बसलं तरी 'नवीन आहे, रुळेल' म्हणून सगळे धीर धरतात. मग मुंबईहून चाकरमानी येतात, पडवीत बसून पोराला 'नाव सांग, कविता म्हण' सुरू होतं, पोर आईच्या मागे दडतं आणि कोणीतरी सहज बोलून जातं, "हिका बोलूक येना नाय काय गे?" आई तिथेच खचते. विसर्जन झालं की ती कुडाळला माझ्या खोलीत येऊन बसते आणि सांगते, "मॅडम, घरात हिचं तोंड बंद होत नाही, शाळेत उघडत नाही." वाक्यसुद्धा बहुतेक वेळा हेच असतं.

त्यातल्याच एकीची ही गोष्ट, ओळख पटू नये एवढे बदल करून. तिला अबोली म्हणण्याचा मोह झाला होता, पण ते धादांत खोटं ठरलं असतं. तिच्या बडबडीने आजोबांना दुपारची झोप मिळत नव्हती. आपण तिला बायो म्हणू. वय सात, दुसरीत, घर मालवणच्या पुढे खाडीकाठी. शाळेचं फाटक आलं की चालती-बोलती पोर थिजायची. सव्वा वर्षात वर्गात एक शब्द नाही. वह्या नेटक्या, तोंडी परीक्षेत शून्य. पाण्याची बाटली रोज जशीच्या तशी परत यायची. शाळेत ती पाणीच पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं तर लघवीला जाऊ का, हे विचारावं लागलं असतं.

घरच्यांनी वेखंड उगाळून चाटवलं होतं, देवाला कौल लावला होता आणि कानही तपासून घेतले होते. यातलं तिसरं अगदी योग्य केलं. कान ठीक होते. वर्गातल्या बाईंचं मत मात्र ठाम होतं: "मुद्दाम करते. घरी बोलते ना, मग इथे काय झालं?"

बाईंवर मी रागावले नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटत आलंय. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये या अवस्थेला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थच स्वेच्छेने वाचा बंद असा होता. १९३४ मध्ये मोरिट्झ ट्रामर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या नावातही मूल गप्प राहणं पसंत करतं, अशीच छटा होती. 'सिलेक्टिव्ह म्युटिझम' (काही ठिकाणीच वाचा बंद होणं) हे आजचं नाव मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आलं १९९४ मध्ये, आणि चिंतेच्या विकारांत त्याची गणना झाली ती २०१३ च्या आवृत्तीत. हा हट्ट नसून भीती आहे, हे कागदावर यायला शंभरावर वर्षं लागली. एका शिक्षिकेला मी महिनाभर तरी द्यायलाच हवा होता.

आता माझी चूक. पहिल्या दोन भेटींत मी बायोसमोर बाहुल्या मांडल्या, रंग काढले, प्रश्न विचारले. ती माझ्याकडे न बघता रंगवत राहिली. तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं की मी तिला विचारते आणि उत्तर आई देते. मग मी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारायला लागले. अर्ध्या तासात चौदा रेघा झाल्या. बायोला आजोबांबरोबर बाहेर पाठवलं आणि वही आईपुढे सरकवली.

"हे काय आहे?"

"तिच्या वतीने तुम्ही दिलेली उत्तरं."

ती ओशाळली. "ती देत नाही म्हणून मी देते ना मॅडम."

"देत नाही, हे कळायला तुम्ही किती वेळ थांबता?"

ती बराच वेळ बोलली नाही, आणि या वेळी मीही थांबले. मग म्हणाली, "ती गप्प झाली ना, की माझा जीव घुसमटतो. लोक माझ्याकडे बघतात. वाटतं, काहीही करून हे आधी संपू दे."

बायोला ती शांतता सवयीची झाली होती. सोसत नव्हती ती आईला. (आणि मला. फी घेऊन बसलेल्या समुपदेशकालाही पोर आपल्याकडे तरी बोलेलच, असं वाटत असतं.) आईने उत्तर दिलं की आईची घुसमट संपते, पोरीची भीती टळते, विचारणाऱ्याचाही प्रश्न मिटतो. तिघांची सुटका होते. सुटकेची ही गोडी फार वाईट, कारण दर वेळी मुलीच्या मनात एकच धडा पक्का होतो: गप्प राहिलं की निभावतं.

माझा कल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांकडे आहे, हे मी लपवत नाही. तो विचार मराठीत शिकवायला सोपा जातो, कारण आपल्याकडे 'च' आहे. 'ती बोलली तर बरं' ही इच्छा झाली. 'ती बोललीच पाहिजे' म्हटलं की गळ्याला फास. आईला मी आठवडाभराचं एकच काम दिलं: बायोबद्दल बोलताना आणि विचार करताना तोंडी येणारे 'च' मोजायचे. पुढच्या वेळी ती हसत आली. "मॅडम, वही संपली." तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नवी रीत ठरली. कोणी बायोला विचारलं की मनात पाचपर्यंत मोजायचं. उत्तर नाही आलं तर प्रश्न सोपा करून पुन्हा विचारायचा: "चिकू हवा की केळं?" 'चिकू हवा का?' असं नाही, कारण तिथे मान हलवून भागतं. तरीही नाही आलं तर हरकत नाही, विषय पुढे न्यायचा. रागावायचं नाही, चॉकलेटची लाच नाही, 'एकदा तरी बोल ना गं' ही आर्जवं नाहीत.

शाळेत पहिलं काम लघवीचं. त्यासाठी बोलण्याची अट नको. बायोने टेबलावर शंख ठेवायचा आणि जायचं. बाईंनी मान्य केलं. मग मी त्यांना आईच्या फोनवरची बायोची एक चित्रफीत दाखवली, तीही घरी बायोला विचारून. बाई एकटक बघत राहिल्या. "हीच ती?" त्या दिवसानंतर 'मुद्दाम' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्या चित्रफितीत बायो आजोबांबरोबर गाऱ्हाण्याचा खेळ खेळत होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण मागणं मागत जातो आणि जमलेले सगळे दर मागण्यावर "व्हय म्हाराजा" म्हणतात. आजोबा म्हणायचे, "बा देवा म्हाराजा, माकडांका बागेपासून लांब ठेव रे म्हाराजा!" आणि बायो बेंबीच्या देठापासून ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

मला वाट दिसली ती इथे. प्रश्नाचं उत्तर देताना माणूस एकटा पडतो. 'व्हय म्हाराजा' कोणी एकट्याने म्हणायचंच नसतं. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "माका गाऱ्हाणाच घालूक येता, बाकी काय येना नाय." मी म्हटलं, तेवढंच हवंय.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आजोबा आणि बायो रिकाम्या वर्गात खेळायला लागले. पहिल्या शनिवारी दार बंद. दुसऱ्या शनिवारी बाई व्हरांड्यात, दार लावलेलंच. मग दार किलकिलं. आवाज बारीक झाला की आम्ही पुढचं पाऊल लांबवायचो, एकदा तर एक पाऊल मागेही आलो. पाचव्या शनिवारी बाई वर्गात, कोपऱ्यात, पाठ करून वह्या तपासत होत्या. सहाव्या शनिवारी आजोबांनी आपल्या मनाने गाऱ्हाणं बदललं: "बा देवा म्हाराजा, बाईंच्यो वह्यो लवकर तपासून होवंदेत रे म्हाराजा!"

बायो पुटपुटली, "व्हय म्हाराजा." आणि पाठमोऱ्या बाईही म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

बायो थबकली. आजोबा नंतर म्हणाले की त्यांना वाटलं, सगळं फुकट गेलं. पण बाई वळल्या नाहीत. लाल पेन चालतच राहिलं. आजोबांनी पुढचं मागणं घातलं, आंब्याच्या मोहोराचं. त्यावर दोन आवाज आले, एक बाईंचा आणि एक बायोचा.

मी तिथे नव्हते. बाईंचा फोन आला. मी पहिलं विचारलं, "टाळ्या नाही ना वाजवल्यात?"

"नाही. वह्या संपवल्या. मग बाहेर जाऊन रडले."

टाळ्यांबद्दल मी कडक आहे. भीती वाटणाऱ्या मुलाचा पहिला शब्द सगळ्यांनी साजरा केला की दुसरा शब्द महाग होतो. आपण रोजच ऐकतो, अशा थाटात ऐकायचं.

बाकी दोन-तीन गोष्टी, फोनवर नेहमी विचारल्या जातात म्हणून. शाळेचा पहिला महिना धरू नका. त्यानंतरही महिनाभर मूल शाळेत गप्पच असेल तर 'मोठी झाली की बोलेल' म्हणत वर्षं घालवू नका. सवय जितकी मुरते तितकी सोडवायला जड. 'हिच्या बाबतीत काहीतरी वाईट घडलंय' असा संशयही लगेच नको, बहुतेक मुलांत तसं काही सापडत नाही. पण आधी सगळीकडे बोलणारं मूल अचानक सगळीकडेच गप्प झालं, तर ते प्रकरण वेगळं, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि घरात मालवणी बोलता म्हणून हे झालं, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. शाळेच्या भाषेत चूक होईल, या धास्तीने भीती वाढू शकते, एवढं खरं. म्हणून बायोच्या बाईंना मी सांगितलं की तिचं 'माका' सुधारायला जाऊ नका, चालू द्या.

बायो आता तिसरीत आहे. हजेरीला 'हजर' म्हणते, शेजारच्या मुलीशी भांडते. मुख्याध्यापकांशी अजून बोलत नाही. यंदा गणपतीत तिच्या आईचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात क्षणभर गोळा आला.

"मुंबईच्या काकांनी सगळ्यांसमोर हिला नाव विचारलं. ही गप्प."

"मग?"

"मी पाचपर्यंत मोजलं. काकांनी मग माझ्याकडे बघितलं."

"आणि तुम्ही?"

"काही नाही. करंज्या तळायच्या होत्या, आत गेले."