कंपनीचा शेअर पडला, ४०१(के)चं काय?

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एका औषध कंपनीत अकरा वर्षं नोकरी करतोय. ४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचत योजनेत कंपनी तिचा वाटा स्वतःच्या शेअर्समध्येच घालते. मीही विश्वासाने त्यातच भर घालत गेलो. वर्षभरात शेअर निम्म्याच्या खाली आला. एका औषधाच्या चाचण्या फसल्याचं वरच्यांना आधीच ठाऊक होतं म्हणे. एचआर म्हणतं, 'बाजाराची जोखीम तुमची.' दावा लावता येईल का?
– एक वाचक

उत्तर : एचआरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. नुसता शेअर पडला म्हणून दावा उभा राहत नाही. पण अशा निवृत्ती योजनांसाठीच्या १९७४च्या अमेरिकी 'एरिसा' कायद्यानुसार योजना सांभाळणाऱ्यांनी जाणत्या, सावध माणसासारखं आणि केवळ सभासदांच्या हितासाठी वागायचं असतं. त्यात कसूर करून योजनेचं नुकसान केलं, तर ते त्यांना स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागतं.

अडचण पुढेच आहे. २०१४ साली 'फिफ्थ थर्ड बँकॉर्प विरुद्ध डुडेनहोफर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की कंपनीचा शेअर ठेवला म्हणजे शहाणपणाच केला, असं आधीच गृहीत धरायचं नाही. इथवर कर्मचाऱ्यांची बाजू जिंकली. मात्र आतल्या माहितीवर बोट ठेवायचं असेल, तर योजना सांभाळणाऱ्या समितीला शेअर बाजाराचे कायदे न मोडता दुसरं काय करता आलं असतं, आणि त्याने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होईल असं कुठल्याही शहाण्या विश्वस्ताला का वाटलं नसतं, हे तुम्हीच दाव्यात मांडायचं. माझ्या मते ही अट पगारदार माणसावर अन्याय करणारी आहे; आतली कागदपत्रं हातात नसताना त्याने हे मांडायचं कसं? आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचा दावा २०१८मध्ये अपील न्यायालयात तगला, पण असे दावे विरळा. तुमच्या 'म्हणे'वर तर तो टिकणारच नाही.

मुदत सांभाळा : चूक घडल्यापासून सहा वर्षं, किंवा ती प्रत्यक्ष कळल्यापासून तीन, यांतलं जे आधी संपेल ते.

आता मला तळमळीने सांगायचंय ते. एन्रॉन २००१मध्ये बुडाली तेव्हा कंपनीने दिलेले शेअर्स कर्मचाऱ्यांना पन्नाशीपर्यंत विकता येत नव्हते. लोकांची म्हातारपणाची पुंजी डोळ्यांदेखत गेली. म्हणून २००६चा पेन्शन संरक्षण कायदा आला. शेअर बाजारात नोंदलेला असेल, तर ४०१(के)मधल्या स्वतःच्या पैशाचे शेअर्स तुम्ही केव्हाही विकू शकता, आणि कंपनीने दिलेले तीन वर्षांच्या नोकरीनंतर. तुमची अकरा झाली! तिमाही स्टेटमेंट काढा. एकाच कंपनीत वीस टक्क्यांहून जास्त पैसा ठेवणं धोक्याचं, असा इशारा त्यात छापावाच लागतो. तो वाचा, आणि दाव्याचं काही होवो, उरलेला पैसा याच आठवड्यात वेगवेगळ्या फंडांत हलवायला घ्या. योजनेच्या आतल्या आत हलवला तर कर लागत नाही.

सोबत योजनेच्या प्रशासकाकडे मूळ दस्तऐवज, सारांश पुस्तिका आणि ताजा वार्षिक अहवाल लेखी मागा. तीस दिवसांत दिले नाहीत, तर न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. अमेरिकी कामगार खात्याचे लाभ सल्लागार फुकट मदत करतात. वकिलाआधी त्यांना फोन करा. आपला हक्क मागितला म्हणून नोकरीवरून काढणं 'एरिसा' कायद्यानेच बेकायदा आहे, तेव्हा बिचकू नका.