वाचकांचे प्रश्न : कोठ्यातली पद्मिनी आणि जिप्सीचे इंजिन

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका गावात माझे ट्रॅक्टर आणि दुचाकी दुरुस्तीचे लहान गॅरेज आहे. शेजारच्या गावात एका घराच्या कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी गेल्या नऊ वर्षांपासून उभी आहे. मूळ मालक वारले असून त्यांची मुले गाडीचे ५५ हजार रुपये मागत आहेत. इंजिन जाम आहे. मला एक तरी जुनी गाडी स्वतःच्या हाताने उभी करायची आहे. ओळखीच्या एका माणसाकडे मारुती जिप्सीचे १३०० सीसीचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे) इंजिन गिअरबॉक्ससह मिळत आहे. जुने इंजिन जामच असल्याने थेट हेच बसवावे असे मला वाटते. घरच्यांचा मात्र विरोध आहे. आपण मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रात इंजिनाविषयी पुष्कळ आहे, पण पत्र्याविषयी एक ओळही नाही, आणि कागदपत्रांचा तर उल्लेखच नाही. पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. इंजिन ही या गाडीतील सर्वांत सहज दुरुस्त होणारी गोष्ट आहे. सडलेला सांगाडा आणि अडकलेली नोंदणी या दोन गोष्टी मात्र भल्याभल्यांना हात टेकायला लावतात. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपला जशी वेगळी चेसिस असते तशी पद्मिनीला नसते. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचेच हे पुढचे रूप आहे आणि तिच्यात पत्र्याचा सांगाडाच चेसिसचे काम करतो. त्यामुळे तळ, दारांखालचे उंबरे, पुढच्या सस्पेन्शनचे आधार आणि मागच्या पाट्यांचे टेकू यांपैकी काही सडले असेल, तर ती केवळ दिसण्यातली उणीव राहत नाही, गाडी धोक्याची ठरते. कोठ्यात उभ्या गाडीच्या बाबतीत ही शंका अधिकच घ्यावी लागते, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते आणि गुरांच्या मूत्रामुळे पत्रा आणखी लवकर गंजतो. गाडी पाहायला जाताना लोहचुंबक, जाड पेचकस, टॉर्च आणि जॅक सोबत न्यावा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे असे समजावे. मॅटिंग उचलून तळ पेचकसाने टोचून पाहावा. डिकीत स्टेपनी ठेवण्याची खोलगट जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा विसरू नयेत. त्यानंतर गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि त्या बाजूची दोन्ही दारे उघडून लावून पाहावीत. जमिनीवर असताना नीट लागणारे दार उचलल्यावर अडकू लागले, तर सांगाड्यात जीव राहिलेला नाही. अशी गाडी ५५ हजारांना काय, पाच हजारांनाही पहिल्या कामासाठी घेऊ नये.

आता कागदपत्रांकडे वळू. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे १९८६च्या या गाडीचे पहिले नूतनीकरण २००१ मध्ये व्हायला हवे होते. ते आणि त्यानंतरची नूतनीकरणे झाली आहेत का, हरित कर भरलेला आहे का, आणि गाडीचा क्रमांक ‘वाहन’ संगणक प्रणालीत दिसतो का, हे तीन प्रश्न आरटीओ कार्यालयात स्वतः जाऊन विचारावेत. क्रमांक प्रणालीत नसेल तर आधी जुन्या नोंदीची ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हाती असणे फार मोलाचे ठरते. मालक हयात नसल्यामुळे गाडी प्रथम वारसाच्या नावावर व्हावी लागेल (त्यासाठी नमुना ३१ असतो) आणि मगच नमुना २९ व ३० भरून ती आपल्या नावावर येईल. सर्व भावंडांची लेखी संमती मिळेपर्यंत विसाराच्या पलीकडे एक रुपयाही देऊ नये. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावा.

पत्रा आणि कागदपत्रे दोन्ही ठीक निघाले, तर गाडी जरूर घ्यावी. आपल्यासारख्या हाताला कामाची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीसाठी पद्मिनीइतकी समजूतदार गाडी क्वचितच मिळेल. १०८९ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर, मागच्या चाकांना ओढ आणि स्टिअरिंगजवळचा हँड गिअर असा तिचा सगळा मामला आहे आणि हात न पोहोचणारी जागा तिच्यात जवळपास नाहीच.

जिप्सीच्या इंजिनाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीत ते बसवू नये.

पहिले कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले आहे. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे दुसरे इंजिन, म्हणजे पद्मिनीला पद्मिनीचेच, आरटीओची परवानगी घेऊन बसवता येते आणि त्याचा क्रमांक नोंदवून घेता येतो; त्यासाठी ते इंजिन कोणत्या गाडीतून आले याचा कागद आणि बिल हाती हवे. दुसऱ्या कंपनीचे इंजिन हा त्यात न बसणारा बदल आहे. परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी कलम १८२-अ अन्वये पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षाही मला विम्याची अधिक काळजी वाटते, कारण अपघातात कोणी जखमी झाले आणि गाडीत नोंद नसलेले इंजिन सापडले, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाईसाठी वावर विकण्याची पाळी येऊ शकते.

दुसरे कारण यंत्राचे आहे. पद्मिनीच्या मूळ इंजिनाची ताकद साधारण ४० अश्वशक्ती आहे आणि आपण म्हणता त्या जिप्सीच्या इंजिनाची ८०. जिप्सीचे इंजिन आडवे नसून गाडीच्या लांबीच्या दिशेने, मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या मांडणीचे आहे, त्यामुळे ते जागेत बसवता येते हे खरे आहे. पण त्यासाठी नवे माउंटिंग बनवावे लागतात, गिअरच्या दांड्यासाठी तळ कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करून बॅलन्स करावा लागतो, रेडिएटर वाढवावा लागतो, आणि एमपीएफआय असल्याने ईसीयू (इंजिनाचा संगणक), त्याचे संपूर्ण वायरिंग, जास्त दाबाचा विजेचा पेट्रोल पंप व टाकीपर्यंतची परतीची नळी हे सारे नव्याने करावे लागते. इतके करूनही चारही चाकांना ड्रम ब्रेकच राहतात. दुप्पट ताकदीची गाडी जुन्या ब्रेकवर राळेगाव-कळंबच्या रस्त्यावर धावावी आणि समोरून कापसाची बैलगाडी यावी, हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहावा.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. आपली गाडी २०३६ मध्ये त्या वयाची होईल. आज इंजिन बदलले तर तो मार्ग कायमचा बंद होईल.

मग जाम इंजिनाचे काय करावे? चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात ओतावे आणि आठवडाभर तसेच राहू द्यावे. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हाताने हळूहळू मागेपुढे हलवावी. ट्रॅक्टरला बांधून ओढण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. इंजिन सुटले तर जुने तेल काढून नवे भरावे आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे. सुटले नाही तर हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडावे. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने एकदा तापून वाकलेले असू शकते, म्हणून सरळ पट्टी ठेवून तपासावे. रिबोअर (सिलिंडर कातून मोठे करणे), ओव्हरसाइज पिस्टन आणि क्रँक ग्राइंडिंग ही सारी कामे जिल्ह्याच्या ठिकाणचे लेथवाले जाणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली असली, तरी सुटे भाग आजही मिळतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड त्यासाठी धुंडाळावा.

पेट्रोलच्या मार्गाकडे विशेष लक्ष द्यावे. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याने जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब होतो, म्हणून हे सर्व इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे बसवावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की या गाड्यांच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवणारे जुने चालक आपल्या वडिलांनी पाहिले असतील. पंप आणि इंजिन यांच्यामधली जाड उष्णतारोधक चकती शाबूत असेल आणि नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेली असेल, तर हा त्रास बराच कमी होतो.

शेवटी कामाच्या क्रमाविषयी, कारण यात मी स्वतः पोळलो आहे. पहिली पद्मिनी मी सहा दिवसांत पूर्ण उघडली आणि सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात टाकले. नंतर पेरण्या आल्या, डवरणी आली, आणि चार महिन्यांनी परतलो तेव्हा कोणता भाग कोणत्या दाराचा हेच कळेना. ती गाडी दोन वर्षे पोत्यांखाली पडून होती. म्हणून आधी ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग असे एकेक काम पुरे करत जावे, प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि पिशवीवर नाव लिहावे. खरेदीच्या किमतीच्या निदान दुप्पट रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला आहे असे घरच्यांना दाखवता आले, तर त्यांचा विरोधही बहुधा मावळेल.

प्रश्न : माझ्याकडे १९८९ ची डिझेल अॅम्बॅसेडर आहे. हिंदुस्थान मोटर्सने स्वतःच पुढे इसुझूचे १८०० सीसीचे पेट्रोल इंजिन दिले होते, मग ते माझ्या गाडीत बसवायला हरकत नसावी ना?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : यांत्रिकदृष्ट्या आपले म्हणणे बरेचसे बरोबर आहे. पण कंपनीने ते इंजिन नव्वदच्या दशकातील दुसऱ्या मॉडेलला दिले होते, आपल्या गाडीला नव्हे. आपल्या आरसी बुकात डिझेल आणि १४८९ सीसी असे लिहिलेले असताना इंजिन आणि इंधन दोन्ही बदलणे वरील कलम ५२ च्या कक्षेत येते. इसुझूचीच ओढ असेल तर त्या इंजिनाची पूर्ण गाडी घ्यावी. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातील उत्पादन २०१४ पर्यंत सुरू होते, त्यामुळे अशा गाड्या अजूनही मिळतात.

प्रश्न : काम अर्धवट असताना पावसाळ्यात गाडी कशी ठेवावी? मागच्या वर्षी उंदरांनी सगळे वायरिंग खाल्ले.
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : गाडी मातीवर नव्हे, तर मुरमावर किंवा फरशीवर, लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवावी. प्लास्टिकची ताडपत्री थेट अंगावर टाकू नये, कारण आत घाम धरून पत्रा गंजतो. टिनाचे छप्पर आणि चारही बाजूंनी वारा हे उत्तम. बॅटरी काढून ठेवावी. गाडी असलेल्या खोलीत सरकी, ढेप किंवा कापूस ठेवू नये, सायलेन्सरचे तोंड जाळीने बंद करावे, आणि दर आठ दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. उंदीर घर करतो तो एअर फिल्टरच्या डब्यात आणि सीटच्या काथ्यात.