कलाकारांच्या वेबसाइटसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी कोल्हापूरला घरी चित्रकलेचे वर्ग घेते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची तयारीही करून घेते. २६ मुलं घरी येतात, महिना ९०० रुपये फी. ८ जण ऑनलाइन शिकतात, ते १,००० देतात. इथे तबला, गायन, रांगोळी, सुलेखन शिकवणारे चांगले कलाकार आहेत, पण त्यांच्यापर्यंत विद्यार्थी पोहोचत नाहीत. सगळ्यांना एकत्र आणणारी वेबसाइट काढून फीवर २० टक्के कमिशन घ्यायचा विचार आहे. मोबाइल ॲप, विद्यार्थ्यांचं लॉगिन आणि व्हिडिओ लायब्ररी धरून कोटेशन ४ लाख २० हजारांचं आलंय, देखभाल वर्षाला ६० हजार वेगळी. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, पगार ३८ हजार. घरखर्च ४५ हजार, मुलगी दहावीत. बचत खात्यात ८० हजार आणि ६ लाखांची एफडी आहे, तिची मुदत १४ महिन्यांनी संपते. एफडी मोडू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. वेबसाइट काढा, पण कोटेशनमधली नव्हे.

आधी घरचं. ही ६ लाखांची एफडी तुम्ही एकच रक्कम समजताय, पण तिच्यावर दोन हक्क आहेत. ४५ हजारांच्या घरखर्चाला सहा महिन्यांची तरतूद म्हणजे २ लाख ७० हजार. उरले ३ लाख ३० हजार, आणि दोन वर्षांनी मुलीचं बारावीनंतरचं ॲडमिशन आहे. आणखी एक गोष्ट खटकली. पगार आणि फी मिळून महिन्याला ६९ हजार येतात, खर्च ४५. मग बचत खात्यात ८० हजारच कसे? माझा अंदाज, मार्च ते मे मुलं गळतात आणि तुम्ही चांगल्या महिन्याचा हिशोब लिहिलाय. वर्षभराची खरी फी मांडून बघा.

आता धंद्याचं. समजा दहा कलाकार आले, प्रत्येकाकडे साइटवरून १५ विद्यार्थी, फी ८०० रुपये. महिन्याला १ लाख २० हजार गोळा होतील, तुमचं कमिशन २४ हजार. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन फी स्वीकारून देणारी सेवा, साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८०० च्या वर गेले. देखभालीचे ५ हजार, जाहिरातीला ५ हजार धरा. हातात ११ हजार. गुंतवलेले ४ लाख २० हजार परत यायला तीन वर्षांहून जास्त, तेही पहिल्याच महिन्यात दहाही वर्ग भरले तर! दहाऐवजी चारच कलाकार टिकले, तर महिन्याला दीड हजार तुम्हालाच खिशातून घालावे लागतील.

आणि ते टिकणार नाहीत, कारण २० टक्के. पालक पहिल्या महिन्यात साइटवरून फी भरतील. तबल्याचे सर आणि पालक यांच्यात तोवर व्हॉट्सॲप सुरू झालेलं असतं. दुसऱ्या महिन्यात सर म्हणतील, "थेट मलाच जीपे करा, शंभर रुपये कमी द्या." यात त्यांचं काही चुकत नाही. विद्यार्थी मिळवून दिल्यानंतर साइटने त्यांच्यासाठी दरमहा काय केलं? म्हणून कमिशन एकदाच घ्या, पहिल्या महिन्याच्या फीच्या निम्मं. पुढे फीची आठवण, हजेरी, बुडलेल्या तासाची बदली वेळ ही कटकट तुम्ही सांभाळत असाल, तर प्रत्येक कलाकाराकडून महिना ३००-४०० रुपये ठरावीक घ्या. यात कमाई कमी दिसते, पण चुकवण्यासारखं काही उरत नाही.

फी थेट कलाकाराच्या यूपीआयवर जाऊ द्या, हे मी आग्रहाने सांगतोय. दहा जणांची फी तुमच्या खात्यात आली की ती तुमचीच उलाढाल दिसते, आणि कुणी वर्ग सोडला की परतावा तुमच्याकडे मागतात. शिवाय जीएसटीचा प्रश्न येतो. कला-संस्कृतीचा छंदवर्ग एखादी व्यक्ती स्वतः घेत असेल, तर ती फी करमुक्त आहे. कंपनी किंवा भागीदारी काढली की ही सवलत जाते. तुमचं कमिशन मात्र करपात्र सेवा. एरवी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्यांच्या करपात्र सेवेचे पैसे साइटने गोळा केले तर ई-कॉमर्स ऑपरेटर म्हणून उलाढाल कितीही असो, नोंदणी मागे लागू शकते. तुमचे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग छंदवर्गात मोडतात का, हेही सीएकडून लेखी घ्या.

कोटेशनमध्ये मोबाइल ॲप आहे, विद्यार्थ्यांचं लॉगिन आहे, व्हिडिओ लायब्ररी आहे. तिन्ही काढा. पालक रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर साइट उघडणार. त्यांना चार गोष्टी बघायच्या असतात: कोण शिकवतं, कोणत्या वारी किती वाजता, फी किती, आणि एक तास बसून बघता येईल का. प्रत्येक कलाकाराला एक पान, त्यावर शिकवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, खाली चाचणी तासाचं बटण. तुमच्या व्हिडिओत चेहरा नको, हात हवा. वस्तुचित्रात तांब्याच्या काठाची लंबवर्तुळं बरोबर कशी येतात, हे कागदावर वरून लावलेल्या कॅमेऱ्यातच कळतं. तो स्टँड आणि दिवा यांवर पैसे घाला. ॲपपेक्षा ते लवकर वसूल होतील.

एवढी साइट तयार साच्यावर ४५ हजारांत बसवून घ्या, बचत खात्यातून. पैसे तीन हप्त्यांत द्या, शेवटचा हप्ता पालकाच्या फोनवर सगळं चालल्याचं बघून. डोमेन (साइटचा पत्ता) तुमच्या नावावर आणि होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेचा) पासवर्ड तुमच्याकडे हवा; त्याशिवाय पहिला हप्ताही नको.

सुरुवात स्वतःच्या वर्गाने करा, सोबत फार तर दोन कलाकार. तुमच्याकडे ग्रेड परीक्षेचं गिऱ्हाईक तयार आहे, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक स्वतः शोधत येतात. रांगोळीवाल्या ताईंकडे दिवाळीआधी गर्दी, नंतर शुकशुकाट. त्यांचा हिशोब वेगळा ठेवा.

पुढचा पैसा कधी घालायचा? किती जणांनी साइट पाहिली यावर मी जाणार नाही. साइटवरून आलेल्यांपैकी किती जणांनी तिसऱ्या महिन्याची फी भरली, ते मोजा. तिघांकडे मिळून असे २५ विद्यार्थी झाले, तर आणखी दीड लाखापर्यंत घाला, तेही वर्गाच्या कमाईतून. नाही झाले, तर ४५ हजारांत तुमच्या स्वतःच्या वर्गाला एक बरी साइट मिळाली.

एफडीला ऑटो-रिन्यूअल (मुदत संपताच आपोआप नूतनीकरण) आहे का, हे बँकेत आत्ताच विचारून घ्या. असेल तर ते बंद करून, मुदत संपल्यावर २ लाख ७० हजारांची एक आणि ३ लाख ३० हजारांची दुसरी अशा दोन पावत्या करा. दुसरीची मुदत मुलीच्या ॲडमिशनच्या महिन्याआधी संपेल अशी घ्या.