केबलच नाही तर चेक काय करू?

प्रश्न (चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर): नमस्कार सर, आमच्या टॉवेलच्या युनिटमध्ये मालकांनी एचपीचं सी-७००० चॅसिस (सर्व्हरची पेटी) सेकंडहँड घेतलंय, आत सहा ब्लेड (पातळ सर्व्हर) आणि मागं व्हर्च्युअल कनेक्टचे (ब्लेडना नेटवर्कशी जोडणारे) दोन मॉड्यूल. मागच्या आठवड्यात ३ नंबर स्लॉटचं ब्लेड गेलं म्हणून ७ मधलं काढून तिथं घातलं, त्याच्या स्टिकरवरचा मॅक (नेटवर्क कार्डाचा नंबर) डीएचसीपीत, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरमध्ये, टाकला, तर आयपी मेलेल्या ब्लेडचाच मिळाला! आणि ९ नंबर रिकामा होता तिथं एक जादाचं ब्लेड लावलं ते नेटवर्कवरून बूटच होत नाही, 'मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल' एवढंच येतंय. ओ सर, ब्लेडला केबलच नाही तर चेक काय करू?

उत्तर: तुमचं हसू पण आलं आणि कीव पण, कारण त्या मेसेजनं भल्याभल्यांना चॅसिसच्या मागं टॉर्च घेऊन बसवलंय.

आधी आयपीचं. व्हर्च्युअल कनेक्टमध्ये सर्व्हर प्रोफाइल असतं आणि ते ब्लेडला नाही, स्लॉटला चिकटवलेलं असतं. मॅक, फायबर चॅनलचा डब्ल्यूडब्ल्यूएन (स्टोरेजच्या नेटवर्कवरची ओळख), बूटची सेटिंग, सगळं त्या प्रोफाइलात. म्हणजे ३ नंबरात कुठलंही ब्लेड ढकला, ते ३ नंबरवाल्याच्याच नावानं उठणार. बिघाड काही नाही, त्याच्यासाठीच तर हे बनवलंय, ब्लेड गेलं की दुसरं घाला आणि स्विचवाल्याला, स्टोरेजवाल्याला फोन पण करू नका. मिळालेला मॅक ००-१७-ए४-७७ नं सुरू होतोय का बघा, तसं असेल तर तो एचपीच्या ठरलेल्या रेंजमधला, प्रोफाइलनं दिलेला आहे. स्टिकर विसरा, डीएचसीपीत प्रोफाइलवरचाच मॅक टाका. आणि स्टिकरवरचाच हवा असेल तर प्रोफाइल बनवतानाच फॅक्टरी डिफॉल्ट निवडायचा, पण मग दर वेळी ब्लेड बदललं की डीएचसीपीत हात घालायचा, मी तरी सांगणार नाही. प्रोफाइल लावताना-काढताना ब्लेड पॉवर ऑफ ठेवा, रीस्टार्ट नाही, पूर्ण ऑफ.

आता केबल. मेसेजच्या आधी पीएक्सई-ई६१ असा कोड आला असेल बघा (पीएक्सई म्हणजे नेटवर्कवरून बूट होणं), त्याचा अर्थ एवढाच की कार्डाला लिंक मिळत नाही. ब्लेडची वायर म्हणजे चॅसिसच्या मधली मिडप्लेन, ऑनबोर्ड कार्डाचा पहिला पोर्ट तिच्यातून मागच्या १ नंबर बेमध्ये (मॉड्यूलच्या खाच्यात) जातो, दुसरा २ मध्ये, आणि ब्लेडवर जादा मेझनिन कार्ड असेल तर ते ३ पासून पुढच्या बेमध्ये. मॉड्यूल भलत्याच बेमध्ये असेल तर लिंक येणार कुठून? तुमच्याकडे मात्र बाकीची ब्लेड चालतायत म्हणजे मॉड्यूल जागेवर आहेत, माझा संशय ९ नंबरला प्रोफाइलच लावलेलं नाही यावर. प्रोफाइल नाही म्हणजे नेटवर्क नाही, नेटवर्क नाही म्हणजे लिंक नाही. प्रोफाइल असेल तर मग स्मार्टलिंक बघा, मागची अपलिंक (बाहेरच्या स्विचकडं जाणारी केबल) खरीच निघाली असेल तर ते ब्लेडची पण लिंक पाडतं, तेव्हा मात्र केबल चेक करायचीच आहे हां.

लिंक आली आणि मग ई५१ आला तर डीएचसीपीकडून उत्तर नाही. इथं बहुतेक वेळा व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कांचा) घोळ असतो. पीएक्सईची पाकिटं साधारण टॅग (व्हीलॅनचा नंबर) न लावता निघतात, म्हणून एका पोर्टवर चार नेटवर्क दिली असतील तर इन्स्टॉलवालं नेटवर्क अनटॅग्ड ठेवा, आणि प्रोफाइलात पीएक्सई एकाच पोर्टवर चालू ठेवा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण फाइलचं नाव नाही, डीएचसीपीतलं ऑप्शन ६७ बघा. ई३२ म्हणजे टीएफटीपी (बूट फाइल देणारा सर्व्हर) उत्तर देत नाही, यूडीपी ६९ फायरवॉलमध्ये अडकला असेल.

आणि हो, आयएलओचे (ब्लेडचा दुरून उघडायचा कन्सोल) पत्ते पण ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटरमध्ये (चॅसिस सांभाळणारा भाग) ईबीआयपीए चालू करून स्लॉटनुसारच देऊन टाका. ब्लेड इकडचं तिकडं झालं तरी ९ नंबरचा कन्सोल ९ नंबरच्याच पत्त्यावर उघडतो.

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर): पीएक्सईवरून लिनक्स छान इन्स्टॉल होतं, रीस्टार्ट झालं की परत पहिल्यापासून इन्स्टॉल सुरू! रात्रभरात कितीदा झालं देव जाणे.

उत्तर: बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं ठेवलंय तुम्ही. डिस्क पहिली ठेवा, आणि इन्स्टॉलच्या वेळी आयएलओतून वन-टाइम बूट नेटवर्क निवडा, नाहीतर सुरू होताना एफ-१२ दाबा. एकदाच नेटवर्कवरून जातं, पुढच्या वेळी आपोआप डिस्कवर. एकाच चॅसिसमध्ये जेन ८ आणि जेन ९ (ब्लेडच्या दोन पिढ्या) मिसळलेली असतील तर अजून एक, जुनी लेगसी बायोसवर आणि नवी यूईएफआयवर असतात (सर्व्हर सुरू व्हायच्या दोन पद्धती), दोघांना एकच बूट फाइल चालत नाही. डीएचसीपीत ऑप्शन ९३ बघून फाइल द्या, बायोसवालं ० सांगतं, ६४ बिट यूईएफआयवालं बहुतेक ७.