शेजारचा टॉवर आणि हरित लवाद

प्रश्न : मॅडम, वर्सोव्यात आमच्या ७ मजली सोसायटीला लागून १९ मजल्यांचा टॉवर उठतोय. पालिकेची सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून भिंत जेमतेम १० फुटांवर येणार. जागा खाडीजवळची, शिवाय दोन जुने वड तोडले. सेक्रेटरी म्हणतात, हरित लवादाकडून परवानगीच रद्द करून आणू. जमेल का?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : सेक्रेटरींना जरा दम धरायला सांगा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (सवयीने आपण लवाद म्हणतो, पण दोघांनी राजीखुशीने नेमलेला पंच नव्हे तो) हे पालिकेच्या डोक्यावरचं अपिलाचं ऑफिस नाही. त्याच्या २०१०च्या कायद्याला सात कायद्यांची यादी जोडलेली आहे : पाणी, हवा, वन, जैवविविधता, पर्यावरण संरक्षण वगैरे. पालिका सीसी देते ती १९६६च्या एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली, आणि तो त्यात नाही. एफएसआय (भूखंडाच्या मानाने बांधकामाची मर्यादा) किती खाल्ला, मोकळी जागा किती सोडली, हे तिथे कुणी मोजत नाही. म्हणजे तुमची खिडकी बाद. वडांचंही तेच, झाडांचा आपला १९७५चा कायदाही यादीबाहेर.

खाडी मात्र बसते. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, अधिसूचना १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची, आणि तो यादीत आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते. दिलेली मंजुरी चूक वाटत असेल तर अपील ३० दिवसांत. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०, पुढे एक दिवस नाही. मंजुरीच न घेता काम चालू असेल तर अर्जाला ६ महिने, वर तेच ६० दिवस. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्यात बसतं.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ ८२ पानी अर्ज घेऊन आले होते. पार्किंग, जिना, गच्ची, सगळं होतं. खाडी पान ७१वर, चार ओळींत. वाढीव ६० दिवस धरूनही मुदत उलटून ११ दिवस झालेले. चहा पाजून परत पाठवलं, दुसरं काय करणार!

आता खिडकी. एमआरटीपीच्या कलम ४७चं अपील परवानगी मागणाऱ्यालाच, शेजाऱ्याला नाही. कलम १४९ दिवाणी दाव्याची वाट अडवतं. उरतं ते कलम ५१ : दिलेली परवानगी मागे घ्या, असा पालिकेकडे लेखी अर्ज. नाहीच ऐकलं तर हायकोर्टात रिट. पण ५१ची गोम अशी, की काम बरंच वर गेल्यावर ते लागू पडत नाही. तुमच्याकडे अजून प्लिंथच (जोत्याचं काम) चाललं असेल तर याच आठवड्यात अर्ज टाका. मंजूर नकाशा आणि सीआरझेडची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात वेगळी मागा, ती येईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. आणि शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय वॉर्ड ऑफिसातून हलू नका.